अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

व्हिनिअर बसवायचे म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाची पहिली खेप बहुधा दात साफ करून घेण्यातच जाते. त्याला वाटत असते की रंग ठरेल, माप घेतले जाईल, आठवडाभरात नवे हसू मिळेल. डॉक्टर मात्र आधी हिरड्या पाहतात, एक्स-रे काढतात, कीड असेल तर ती भरतात आणि दातांवर साचलेले किटण काढून पंधरा दिवसांनी यायला सांगतात. याला सबळ कारण आहे. सुजलेल्या हिरडीची कड तिच्या खऱ्या जागेवर नसते. त्या कडेचा अंदाज धरून व्हिनिअर बनवले आणि नंतर सूज उतरली, तर सिरॅमिक आणि दात यांच्यामधली रेघ उघडी पडते. शिवाय चिकटवण्याच्या दिवशी हिरडीतून रक्ताचा एक थेंब जरी आला, तरी पुढचे सगळे काम बिघडू शकते. त्यामुळे पहिल्याच भेटीत दात घासायला घेणाऱ्या दवाखान्यातून उठून यावे, हेच बरे.

व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर कायमचा चिकटवलेला सिरॅमिकचा पापुद्रा. त्याची जाडी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर, म्हणजे हाताच्या नखाच्या आसपास. कॅप दाताला चारही बाजूंनी झाकते, व्हिनिअर फक्त पुढून. फार तर त्याची कड दाताच्या टोकावरून किंचित आत वळते. लोक दोन्हींना एकाच मापाने मोजतात, पण दाताच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एडेलहॉफ आणि सोरेन्सन या दोन संशोधकांनी २००२ साली पुढच्या दातांवरच्या वेगवेगळ्या कामांसाठी दाताचा किती भाग काढावा लागतो, हे वजन करून पाहिले. व्हिनिअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी ३ ते ३० टक्के जात होता आणि पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, पुढे त्यांचा उल्लेख पुन्हा येईल.

जाणारा भाग कोणता, हे त्याहून महत्त्वाचे. दाताचे बाहेरचे आवरण म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. ज्या पेशी तो घडवतात, त्या दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. हाड जुळते, कातडी भरून येते, पण घासलेले इनॅमल पुन्हा उगवत नाही. वरच्या पुढच्या दातांवर टोकाकडे ते मिलिमीटरच्या आसपास जाड असते आणि हिरडीजवळ जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर उरते. त्याखाली डेंटिन लागते. ते मऊ आणि ओलसर असते, आणि त्यातल्या सूक्ष्म नळ्या थेट दाताच्या नसेकडे जातात. सिरॅमिक इनॅमलला घट्ट आणि दीर्घकाळ चिकटते, डेंटिनला तितके भरवशाने चिकटत नाही. म्हणून दात घासताना इनॅमलच्या आत थांबता येते की नाही, यावर व्हिनिअरचे आयुष्य ठरते. चमक, रंग, आकार हे सगळे त्यानंतर.

या तंत्राचा जन्म दवाखान्याच्या गरजेतून झाला नाही, सिनेमाच्या गरजेतून झाला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर पातळ पट्ट्या बसवून देत. कॅमेऱ्यासमोर दात सरळ, शुभ्र दिसायचे आणि शूटिंग संपले की पट्ट्या निघायच्या. कवळी बसवताना वापरतात तसली पावडर लावून त्या तात्पुरत्या धरून ठेवलेल्या असत. बालनटी शर्ली टेंपल हिचे दुधाचे दात ऐन प्रसिद्धीच्या काळात पडू लागले, तेव्हा पडद्यावर ती फट दिसू नये म्हणून पिंकस यांच्या पट्ट्या कामी आल्या. त्या पट्ट्या घालून जेवता मात्र येत नसे.

पट्टी कायमची चिकटवायची कशी, हा प्रश्न सुटायला १९५५ साल उजाडले. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथे मायकेल ब्युओनोकोर हे संशोधक काम करत होते. कारखान्यांत धातूवर रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होते. तेच आम्ल त्यांनी इनॅमलवर लावून पाहिले. आम्लाने इनॅमलवर सूक्ष्म खड्डे पडले, त्यांत वरून लावलेली राळ (रेझिन) शिरली आणि तिथेच घट्ट होऊन बसली. साध्या दातावरून जो ॲक्रिलिकचा ठिपका काही तासांत निघून जायचा, तो आम्ल लावलेल्या दातावर आठवडेच्या आठवडे टिकू लागला. पुढे राफाएल बोवेन यांनी दातांसाठी मजबूत राळ तयार केली; तिचे पेटंट १९६२चे. १९८३ साली सिमन्सन आणि कॅलामिया यांनी साखळीतला उरलेला दुवा जोडला: सिरॅमिकचीही आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने खडबडीत करता येते, आणि मग तीही राळेला धरून ठेवते. आज जगात कुठेही व्हिनिअर बसत असले, तरी ते या तीन शोधांवरच उभे असते.

हिरड्या सुधारल्यानंतरच्या भेटीत चेहऱ्याचे फोटो निघतात: ओठ मिटलेले, सैल सोडलेले, हसताना, बाजूने. तरुण माणसाने ओठ सैल सोडले की वरचे पुढचे दात दोन-चार मिलिमीटर दिसतात. वय वाढेल तसे ते झाकत जातात. दात किती लांब ठेवायचे याचा अंदाज यावरून येतो. दोन्ही मोठ्या पटाशीच्या दातांची रुंदी त्यांच्या उंचीच्या ७५ ते ८० टक्के असली तर ते डोळ्यांना बरे दिसतात, असा ढोबळ हिशेब दंतवैद्य वापरतात. मग लॅबमध्ये दातांच्या साच्यावर मेणाने नवे आकार घडवले जातात किंवा संगणकावर काढले जातात, आणि त्यावरून सिलिकॉनचा साचा बनवतात. त्या साच्यात तात्पुरते प्लॅस्टिक भरून ते तोंडात न घासलेल्या दातांवर दाबले की पाच मिनिटांत होऊ घातलेले हसू आरशात दिसते. याला मॉक-अप म्हणतात.

सगळ्या उपचारातली रुग्णाच्या हातातली खरी संधी हीच. अजून दाताला कशाचा धक्काही लागलेला नसतो. पसंत पडले नाही तर ते प्लॅस्टिक काढून घरी जाता येते. चांगले डॉक्टर इथे घाई करत नाहीत. ते रुग्णाला बोलायला लावतात, ‘फ’ आणि ‘व’ असलेले शब्द उच्चारायला सांगतात. हे वर्ण उच्चारताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला टेकते. दात गरजेपेक्षा लांब झाले असतील तर ते ओठात रुतल्यासारखे वाटतात. ‘स’ म्हणताना शिट्टी वाजते का, हेही ऐकतात. घरच्यांना दाखवण्यासाठी व्हिडिओ काढून न्यावा. ज्या दवाखान्यात मॉक-अपशिवाय थेट दात घासायला सुरुवात होते, तिथे रुग्ण न पाहिलेल्या वस्तूला कायमचा होकार देत असतो.

रंगही याच टप्प्यावर ठरतो. बहुतेक दवाखान्यांत जर्मनीच्या व्हिटा कंपनीची सोळा छटांची पट्टी असते. ए गटात तांबूस तपकिरी, बीमध्ये तांबूस पिवळी, सीमध्ये करडी आणि डीमध्ये तांबूस करडी झाक. आपल्याकडच्या अनेकांच्या नैसर्गिक दातांचा रंग ए गटात बसतो. मागणी मात्र ए-१च्याही पलीकडच्या ‘ब्लीच’ छटांची असते. गहूवर्णी चेहऱ्यावर तसले चार किंवा सहाच दात बसवले, तर शेजारचे आणि खालचे दात लगेच पिवळे दिसू लागतात. त्यामुळे कुणाला दात पांढरे हवेच असतील, तर आधी सगळे दात ब्लीच करून घ्यावेत, साधारण दोन आठवडे थांबावे आणि मग त्या रंगाला जुळणारी व्हिनिअर करावीत. थांबायचे कारण असे, की ब्लीचचा ऑक्सिजन दातात काही दिवस मुरलेला राहतो आणि तो राळेला नीट घट्ट होऊ देत नाही. एकदा बसलेल्या सिरॅमिकचा रंग मात्र कोणत्याही ब्लीचने बदलत नाही.

दात घासण्याच्या दिवशी बहुतेकांना बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. घासणे फक्त इनॅमलपुरते असले तर त्यावाचूनही निभावते. हिऱ्याची बारीक पूड लावलेले बर, म्हणजे दात घासणारी टोके, फिरतात, पाणी उडत राहते. काटेकोर डॉक्टर मॉक-अप दातांवर तसेच ठेवून त्यावरूनच खोली मोजणारे बर चालवतात. या बरवर ठरावीक खोलीची चाके असतात. ती दातावर आडव्या खाचा पाडतात आणि त्या खाचांपुढे घासायचे नाही, असा नियम असतो. मॉक-अपची जाडी या हिशेबात धरलेली असल्याने, जिथे दात मुळातच आत झुकलेला असतो तिथे बर दाताला जेमतेम टेकतो किंवा टेकतही नाही. उलट नुसत्या अंदाजाने घासणाऱ्याचा हात हिरडीजवळ हमखास खोल जातो, आणि तिथेच तर इनॅमल सर्वांत पातळ असते. यानंतर हिरडीच्या कडेला बारीक दोरा सरकवून ती जराशी बाजूला करतात आणि सिलिकॉनने माप घेतात किंवा तोंडात कॅमेरा फिरवून स्कॅन करतात.

न घासता बसवण्याची व्हिनिअरही असतात. ल्युमिनिअर्स हे त्यांतले गाजलेले नाव. जन्मतः लहान, टोकदार राहिलेला बाजूचा पटाशीचा दात किंवा दातांमधली फट यांसाठी ती उत्तम. नेहमीच्या आकाराच्या दातावर मात्र वरून थर चढवला की दात फुगीर होतो आणि हिरडीपाशी पायरी तयार होते. तिथे अन्नकण अडकतात, हिरडी लाल राहते.

घासलेल्या दातांवर तात्पुरती प्लॅस्टिकची व्हिनिअर बसवून रुग्णाला घरी पाठवतात. हे दहा-पंधरा दिवस जरा जपून काढायचे असतात. गार पाण्याने दात सणसणतात, पुढच्या दातांनी पोळीचा तुकडासुद्धा ओढून तोडू नये, आणि एखादे निघून आले तर घरच्या कुठल्याही गोंदाने चिकटवण्याच्या फंदात न पडता फोन करून दवाखान्यात जावे.

तिकडे लॅबमध्ये खरी कारागिरी सुरू असते. आज सर्रास वापरले जाणारे सिरॅमिक म्हणजे लिथियम डायसिलिकेट. लिश्टेनस्टाइनमधल्या इव्होक्लार कंपनीचे ई-मॅक्स हे त्याचे प्रसिद्ध रूप. यंत्रावर कोरून घ्यायचा त्याचा ठोकळा चक्क निळसर जांभळा असतो. कोरलेले जांभळे दात ८४० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत गेले की त्यांतले स्फटिक वाढतात, ताकद येते आणि दातांचा रंग उमटतो. जुन्या पद्धतीचे फेल्डस्पार पोर्सेलिन तंत्रज्ञ कुंचल्याने थरावर थर देऊन घडवतो. ते ताकदीला कमी, पण दाताच्या टोकाशी दिसणारी निळसर पारदर्शक झाक त्यात फार सुरेख येते. ही छटा जुळवणाऱ्या तंत्रज्ञाने रुग्णाला बहुधा कधी पाहिलेलेच नसते. त्याच्यापुढे असतो फक्त रंगाच्या पट्टीसह काढलेला फोटो. म्हणून तो फोटो चांगल्या उजेडात आणि सुरुवातीलाच काढलेला हवा. तोंड उघडे राहिले की दात वाळतात आणि काही मिनिटांतच मूळ रंगाहून पांढरे दिसू लागतात. अशा वाळलेल्या दातावरून ठरवलेला रंग चुकतोच.

चिकटवण्याचा दिवस सगळ्यांत लांब चालतो. आधी ग्लिसरिनची रंगीत पेस्ट लावून व्हिनिअर नुसती बसवून दाखवतात. सिरॅमिक इतके पातळ असते, की खालच्या सिमेंटच्या छटेनेही रंग बदलतो. ‘नाही’ म्हणण्याची ही शेवटची वेळ, आणि रुग्णाने संकोच न करता उठून, खिडकीच्या उजेडात, आरसा हातभर दूर धरून पाहावे.

होकार आला की एक शिस्तबद्ध क्रम सुरू होतो. लिथियम डायसिलिकेटच्या आतल्या बाजूला ५ टक्क्यांचे हायड्रोफ्लोरिक आम्ल सुमारे २० सेकंद लावतात, धुतात, सुकवतात आणि त्यावर सिलेन लावतात; सिलेनचे एक टोक सिरॅमिकला धरते, दुसरे राळेला. तोंडात रबराचा पडदा ताणून दात लाळेपासून वेगळे करतात. दातावर साधारण ३७ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल अर्धा मिनिट ठेवून धुतले की इनॅमल धुके साचल्यासारखे पांढुरके, निस्तेज दिसते. डॉक्टर नेमके हेच शोधत असतात. जिथे ही पांढुरकी छटा येत नाही, तिथे इनॅमल संपून डेंटिन लागलेले असते. ब्युओनोकोर यांचा १९५५चा प्रयोग अशा रीतीने रोज, दर दाताबरोबर, डोळ्यांसमोर पुन्हा घडतो. मग सिमेंट लावून व्हिनिअर हलकेच दाबून बसवतात, निळा दिवा दोन-तीन सेकंद दाखवतात, बाहेर आलेले सिमेंट खरवडून काढतात, फटींतून धागा फिरवतात आणि नंतर प्रत्येक बाजूने पूर्ण वेळ उजेड देतात. शेवटी निळा कागद चावायला देऊन वरखालचे दात कुठे आदळतात ते पाहतात. उंच लागणारी जागा घासून गुळगुळीत करतात. ही पायरी उरकून टाकली तर पुढे तडा जायचा तो तिथेच जातो.

पहिले काही दिवस जीभ सारखी दातांकडे जाते, बोलताना अडखळल्यासारखे होते, गार-गरम लागते. आठवड्या-दोन आठवड्यांत हे बहुधा निवळते. चावताना एकच दात ठणकत राहिला किंवा हिरडीतून रक्त येत राहिले, तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नये.

टिकते किती, याचे चांगले उत्तर ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकहून आले. तिथल्या दंतवैद्यांनी ८४ रुग्णांच्या ३१८ व्हिनिअरचा मागोवा घेऊन २०१२ साली निष्कर्ष मांडले. हिशेबाप्रमाणे पाच वर्षांनी सुमारे ९४ टक्के, दहा वर्षांनी सुमारे ९३ टक्के आणि वीस वर्षांनी सुमारे ८३ टक्के व्हिनिअर जागेवर होती. बिघाडाचे पहिले कारण सिरॅमिक फुटणे. झोपेत दात खाणाऱ्यांत बिघाड लक्षणीय जास्त होता, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या व्हिनिअरच्या कडा काळवंडत होत्या. दात खाण्याची सवय असलेल्याला म्हणूनच रात्री घालायचा नाइट गार्ड देतात, आणि तो खरेच घालावा लागतो. आपल्याकडच्या सवयींची यादी याहून मोठी आहे. ऊस दातांनी सोलणे, सुपारी फोडणे, भाजलेले कणीस पुढच्या दातांनी खरवडणे, शिवताना दोरा दातांनी तोडणे, बाटलीचे झाकण काढणे हे सगळे सोडावे लागते. मशेरी किंवा तंबाखू चालूच राहणार असेल, तर सिरॅमिकवर डाग फारसा बसत नाही, पण दात आणि सिरॅमिक यांच्या सांध्यावर तो बसतो आणि हिरड्यांचे नुकसान व्हायचे ते होतेच.

खर्च शहर, साहित्य आणि लॅब यांप्रमाणे बदलतो आणि तो दर दाताला मोजला जातो. केवळ सौंदर्यासाठी केलेले काम आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांना कॉम्पोझिटचा पर्याय आहे. डॉक्टर दातावरच राळेचा थर देऊन तो घडवतात, काम बहुधा एका बैठकीत होते आणि दात फारसा घासावा लागत नाही. ते सिरॅमिकइतके टिकत नाही, चहा आणि विशेषतः हळद त्यावर रंग धरते. पण पॉलिश करता येते, तुकडा उडाला तर तिथल्या तिथे भरता येतो. विशी-बाविशीतल्या मुलामुलींसाठी आधी हाच मार्ग चाचपून पाहणे शहाणपणाचे. दात फक्त वाकडे असतील तर तार लावून ते सरळ करणे हाच योग्य उपाय. वाकडे दात घासून सरळ ‘दाखवणे’ म्हणजे निरोगी इनॅमल फुकट घालवणे आहे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत हा विषय सौंदर्याच्या पलीकडचा होतो. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडते. इनॅमल घडत असतानाच्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत असे पाणी प्यायलेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग कायमचे राहतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरे पाणी नसेल तर १.५ मिलिग्रॅम आहे. लग्नाची बोलणी असोत की नोकरीची मुलाखत, तोंडावर हात धरून हसणाऱ्या या तरुणांना व्हिनिअरचा खरा उपयोग आहे. पण त्यांच्याही बाबतीत पायऱ्या चढत जावे: सौम्य डाग वरवर घासून, ब्लीच करून किंवा पातळ राळ मुरवून उतरतात, आणि ते न जमल्यासच सिरॅमिक. अशा इनॅमलवर आम्लाचा परिणाम कमी होतो, त्यामुळे ते जास्त वेळ ठेवावे लागते. हे माहीत असलेला डॉक्टर हवा. शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार खासगी दवाखान्यांपेक्षा बऱ्याच कमी खर्चात होऊ शकतात.

याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट ब्रिटनमधली आहे. गेल्या काही वर्षांत तिथले हजारो तरुण स्वस्तात दात करून घ्यायला तुर्कस्तानात जाऊ लागले आणि परतलेल्यांच्या एकसारख्या पांढऱ्याफेक दातांना ‘टर्की टीथ’ हे नाव पडले. अनेकांनी मागितली होती व्हिनिअर. प्रत्यक्षात त्यांचे निरोगी दात चारही बाजूंनी घासून, खुंट करून, वर कॅप बसवल्या गेल्या. वर सांगितलेले ३० आणि ७२ टक्के इथे समोरासमोर येतात. घासलेल्या खुंटांचे फोटो समाजमाध्यमांवर फिरले आणि लोक हादरले. असे काम आठवडाभरात उरकले जाते, आणि दुखणे मात्र मायदेशी आल्यावर सुरू होते: नस मरणे, रूट कॅनल, हिरड्यांचे आजार. ब्रिटिश दंतवैद्यांच्या संघटनेने याबद्दल जाहीर इशारे दिले. ब्रिटनच काय, भारतातही ‘व्हिनिअर’ म्हणून कॅप बसवल्याच्या तक्रारी अशक्य नाहीत. त्यामुळे संमतीपत्रावर सही करण्याआधी दोन गोष्टी थेट विचाराव्यात: किती मिलिमीटर घासणार, आणि दाताची मागची बाजू शाबूत राहणार का.

काम करणारी व्यक्ती राज्य दंत परिषदेकडे नोंदलेली आहे ना, हे पाहणे तर रुग्णाचा हक्कच आहे. काम संपल्यावर सिरॅमिकचे नाव, छटेचा क्रमांक, सिमेंटची छटा, लॅबचे नाव आणि मॉक-अपच्या आधीचे-नंतरचे फोटो मागून घ्यावेत. आठ-दहा वर्षांनी पुण्याचा रुग्ण बंगळूरला किंवा दुबईला राहायला गेलेला असतो आणि सहापैकी एकाच व्हिनिअरचा कोपरा उडतो. नव्या डॉक्टरांना जुने व्हिनिअर अखंड उचकटून काढता येत नाही. ते घासून किंवा लेझर वापरून काढावे लागते, आणि सिमेंट दाताच्याच रंगाचे असल्याने दात कुठे सुरू होतो ते भिंगाखाली पाहत जावे लागते. तरी थोडे इनॅमल जातेच. हाती जुनी नोंद असेल तर निदान रंग पहिल्याच खेपेला जुळतो, आणि उरलेल्या पाच दातांना हात लावावा लागत नाही.